संकेतस्थळ नवे झाले, जुन्या पत्त्यांचे काय?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या सुरुवातीला राज्य शासनाने कार्यालयीन सुधारणांसाठी शंभर दिवसांचा कार्यक्रम हाती घेतला, त्यात कार्यालयांची संकेतस्थळे अद्ययावत करण्याचा मुद्दा ठळकपणे होता. पुढे दीडशे दिवसांचा कार्यक्रम आला आणि विदर्भात जिल्ह्याच्या ठिकाणापासून तालुक्यापर्यंत नव्या संकेतस्थळांचे वारे वाहू लागले. शासकीय कार्यालयांचे पाहून महाविद्यालये, पतसंस्था आणि शेतीशी संबंधित संस्थांनीही आपापली जुनी संकेतस्थळे मोडून नवी उभारली. ही कामे आवश्यकच होती, कारण जुनी संकेतस्थळे मोबाइलवर धड दिसत नसत आणि कित्येकांवरील मराठी मजकूर जुन्या फॉन्टमुळे वाचताही येत नसे. परंतु या कामात एक गोष्ट वारंवार राहून जाते आणि तिचा फटका खेड्यातील माणसाला सर्वाधिक बसतो. संकेतस्थळ नवे करताना जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवून द्यावे लागतात. त्याला रीडायरेक्ट म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहून मी लहान संस्थांच्या संकेतस्थळांची देखभाल करते, आणि हे काम न झाल्यामुळे होणारे नुकसान नेहमी पाहते, म्हणून या विषयाकडे आपल्या वाचकांचे आणि संबंधित अधिकाऱ्यांचे लक्ष वेधू इच्छिते.

खेड्यात संकेतस्थळाचा पत्ता टंकून कोणी आत शिरत नाही. माणूस गूगलवर दोन शब्द लिहितो किंवा बोलतो आणि जे पहिले दिसेल ते उघडतो. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात दोन वर्षांपूर्वी कोणीतरी टाकलेली लिंक शोधून काढतो. नाहीतर भिंतीवरच्या पत्रकातला क्यूआर कोड फोनसमोर धरतो. हे तिन्ही मार्ग जुन्या पत्त्याकडेच नेतात. आमच्या भागातील एका संस्थेने कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या व्यवस्थापनाची फार चांगली माहिती आपल्या संकेतस्थळावर दिली होती आणि त्या पानाचा क्यूआर कोड छापलेली पत्रके गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत लावली होती. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत, सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ पतंग आढळले की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे समजावे, ही माहिती शेतकऱ्याला नेमकी फवारणीचा निर्णय घेतानाच लागते. संस्थेने संकेतस्थळ नवे केले. माहिती तीच राहिली, फक्त पानाचा पत्ता बदलला, आणि दुकानातील पत्रकावरचा कोड 'पान सापडले नाही' असे इंग्रजीत सांगू लागला. कापसाला बोंडे धरली असताना दुकानात उभा राहून फोनवर कोड धरणाऱ्या शेतकऱ्याने यातून काय समजावे? तो असेच समजतो की माहिती काढून टाकली, आणि मग दुकानदार देईल ते औषध घेऊन जातो.

हे टाळण्याचा उपाय जुना आहे आणि त्याला वेगळा खर्च येत नाही. ब्राउझर एखादे पान मागतो तेव्हा सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळ जेथे साठवलेले असते तो संगणक, उत्तराच्या पहिल्या ओळीत तीन आकडी क्रमांक पाठवतो. २०० म्हणजे पान आहे, ४०४ म्हणजे सापडले नाही, ४१० म्हणजे ते कायमचे काढून टाकले आहे. ३०१ हा क्रमांक असेल तर त्याचा अर्थ पान कायमचे दुसरीकडे गेले आहे, आणि त्याच उत्तरात 'लोकेशन' नावाच्या ओळीत नवा पत्ता दिलेला असतो. ब्राउझर ती ओळ वाचून स्वतःच नव्या पत्त्यावर जातो. वापरणाऱ्याला मध्ये काही घडले हेही कळत नाही. ३०२ हा क्रमांक तात्पुरत्या बदलासाठी आहे. हे दोन्ही क्रमांक ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संवादाचे नियम सांगणाऱ्या, १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजातही आहेत. बेंबळा प्रकल्पात गेलेल्या गावाच्या जुन्या फाट्यावर नव्या गावठाणाकडे नेणारी पाटी असावी, तेवढेच हे काम आहे. फरक इतकाच की येथे प्रत्येक घरासाठी वेगळी पाटी लावता येते, आणि ती लावलीच पाहिजे.

सर्च इंजिनच्या दृष्टीने या पाटीचे महत्त्व आणखी मोठे आहे. गूगलसारखे सर्च इंजिन आपल्या यादीत पानांचे पत्ते साठवते, त्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा येऊन पाहते आणि एकच मजकूर अनेक पत्त्यांवर दिसला तर त्यांपैकी एक पत्ता मुख्य म्हणून निवडते. जुन्या पत्त्यावर ३०१ मिळाला तर नवा पत्ता मुख्य धरावा असा तो जोरकस संकेत असतो. ३०२ मिळाला तर संकेत दुबळा ठरतो आणि जुनाच पत्ता निकालांत राहू शकतो, कारण बदल तात्पुरता आहे असे आपणच सांगितलेले असते. वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांनी, शाळांनी, इतर संस्थांनी जुन्या पानाला दिलेल्या लिंकमुळे त्या पानाला जे वजन आलेले असते, तेही रीडायरेक्टमधून नव्या पानाकडे जाते. यात काही अंश गळतो अशी समजूत पूर्वी होती. परंतु ३०० च्या मालिकेतील रीडायरेक्टमुळे पेजरँक, म्हणजे लिंकमुळे आलेले हे वजन, कमी होत नाही, असे गूगलचे गॅरी इलियस यांनी २०१६ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे योग्य रीतीने काम केले तर नुकसानीचे भय बाळगण्याचे कारण नाही. काहीच केले नाही तर मात्र जुने पान ४०४ देत देत यादीतून जाते, नवे पान अनोळखी म्हणून शून्यापासून सुरुवात करते, आणि मधल्या काळात त्याच विषयावर शोध घेणाऱ्याला जाहिरातींनी भरलेली, कोणी लिहिली याचा पत्ता नसलेली पाने वर दिसतात. सरकारी योजनांच्या बाबतीत तर अशा पानांचा सुळसुळाट आहे.

सर्वाधिक आढळणारी चूक थोडी विस्ताराने सांगते. काम करणारी एजन्सी जुन्या संकेतस्थळावरील सगळेच पत्ते एका ओळीच्या नियमाने नव्या मुखपृष्ठाकडे वळवते आणि रीडायरेक्ट केले असे संस्थेला कळवते. अधिकारी जुना पत्ता उघडून पाहतात, नवे मुखपृष्ठ झळकते, समाधान होते. परंतु पीक सल्ल्याची, शिष्यवृत्तीच्या अर्जाची किंवा ठेवींच्या व्याजदराची लिंक दाबणाऱ्या माणसापुढे पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आणि सरकत्या सूचना येतात. त्याला हवे ते पान त्या संकेतस्थळावर असतेही, पण चार मेनूंच्या आत. सर्च इंजिनलाही हे फसवे वाटते. जुन्या पानाचा विषय आणि मुखपृष्ठाचा विषय यांचा मेळ बसत नाही, तेव्हा गूगल असे रीडायरेक्ट 'सॉफ्ट ४०४' मानते, म्हणजे पान अस्तित्वातच नाही असे धरते. ज्याच्यासाठी हा उद्योग केला तो हेतू तेथेच संपतो. जुन्या पानाला समकक्ष नवे पान असेल तर नेमके त्याच पानाकडे वळवावे. समकक्ष पान नसेल, उदाहरणार्थ मुदत संपलेली निविदा, तर प्रामाणिकपणे ४०४ किंवा ४१० द्यावे आणि त्या पानावर मराठीत दोन ओळी लिहून शोधाची चौकट द्यावी. मुखपृष्ठाच्या दारात आणून सोडण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

दुसरी चूक उलट्या बाजूची आहे. नवे संकेतस्थळ सुरू होते आणि जुनेही तसेच चालू राहते. दोन्हींवर प्रवेशाच्या, अर्जाच्या वेगवेगळ्या तारखा दिसतात, आणि सर्च इंजिन जुने पान वर दाखवते, कारण त्याची ओळख जुनी असते. काही ठिकाणी तर जुने संकेतस्थळ लपवावे म्हणून 'रोबोट्स' फाइलमध्ये सर्च इंजिनला तेथे येण्यास मनाई केली जाते. ज्याला जुन्या पत्त्यावर येऊच दिले नाही, त्याला तेथे लावलेला रीडायरेक्ट दिसणार कसा, याचा विचार होत नाही.

ऑनलाइन अर्ज असलेल्या पानांबाबत अधिक सावध राहावे लागते. अर्ज भरून 'सादर करा' दाबल्यावर माहिती ज्या पत्त्याकडे जाते, तो पत्ता ३०१ किंवा ३०२ ने वळवला असेल, तर अनेक ब्राउझर दुसऱ्या टप्प्यावर फक्त पान मागतात आणि भरलेली माहिती सोबत नेत नाहीत. तासभर खपून भरलेला अर्ज कोरा होऊन परत येतो आणि दोष फोनला किंवा सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलाला दिला जातो. यासाठीच ३०७ आणि ३०८ हे क्रमांक आहेत, त्यांत माहिती जशीच्या तशी पुढे जाते. तसेच ३०१ चे उत्तर ब्राउझर लक्षात ठेवतो. चुकीच्या पानाकडे ३०१ लावला आणि नंतर दुरुस्त केला, तरी ज्यांनी तो आधी अनुभवला त्यांचे फोन काही काळ चुकीच्याच पानाकडे जात राहू शकतात. म्हणून आधी ३०२ लावून तपासणे आणि खात्री पटल्यावर ३०१ करणे हाच शहाणपणाचा क्रम आहे.

आमच्याकडे रेंजची जी अवस्था आहे, तिच्यामुळे आणखी एक प्रश्न उभा राहतो, जो नागपूर-पुण्यात बसून काम करणाऱ्याला जाणवतही नसेल. जुना एचटीटीपीचा पत्ता प्रथम एचटीटीपीएसकडे, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या पत्त्याकडे, तेथून 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावलेल्या पत्त्याकडे, तेथून नव्या डोमेनकडे (संकेतस्थळाच्या मुख्य नावाकडे) आणि तेथून मराठी आवृत्तीकडे अशी साखळी मी अनेकदा पाहिली आहे. प्रत्येक टप्प्यावर फोनला पुन्हा विचारणा करावी लागते. डोमेन बदलले तर त्याचा शोध, नवी जोडणी आणि सुरक्षिततेची बोलणी पुन्हा पहिल्यापासून होतात. चांगल्या नेटवर्कवर यात डोळ्याची पापणीही लवत नाही, परंतु शेतातल्या एका काडीच्या रेंजवर पांढरा पडदा तसाच राहतो आणि माणूस कंटाळून फोन खिशात घालतो. गूगलचा बॉट, म्हणजे पाने वाचत फिरणारा त्याचा प्रोग्रॅम, एका साखळीत दहा टप्प्यांपर्यंत जातो. तरीही थेट अंतिम पत्त्यावरच न्यावे, ते जमत नसेल तर टप्पे शक्यतो तीनपेक्षा अधिक नसावेत, असा गूगलचाच सल्ला आहे. जुन्या प्रत्येक पत्त्यापासून शेवटच्या पानापर्यंत एकच उडी असावी, एवढे संबंधितांनी पाळावे.

मराठी संकेतस्थळांना एक अडचण अशी आहे की जिचा उल्लेख इंग्रजीतील मार्गदर्शनात सहसा येत नाही. अनेक संस्थांनी पीडीएफ फाइलींना मराठी नावे दिलेली असतात. अशा पत्त्यातील प्रत्येक देवनागरी चिन्ह प्रत्यक्षात टक्क्यांच्या खुणांसह नऊ अक्षरांचे होऊन जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर कधी कधी हातभर लांब, अनाकलनीय लिंक दिसते ती यामुळेच. रीडायरेक्टचे नियम लिहिताना ही रूपे लक्षात घेतली नाहीत, तर इंग्रजी नावांची पाने नीट वळतात आणि मराठी नावांची सगळी तुटतात. त्यातही 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दातील अर्धा र संगणकात दोन वेगवेगळ्या प्रकारे लिहिला जातो. कागदावर आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण सर्व्हरच्या लेखी ते दोन निराळे पत्ते असतात. एकाच फाइलची काही लिंक चालते आणि काही चालत नाही, अशी तक्रार आली की मी प्रथम हा र तपासते.

आता डोमेनविषयी. जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे पूर्वी 'एनआयसी डॉट इन' या पत्त्यावर असत, ती आता 'गव्ह डॉट इन'वर आहेत. असे बदल होणारच आणि ते योग्यही असतात. परंतु लहान संस्था 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ऑर्ग'वरचे डोमेन नवे घेतल्यावर जुन्याचे नूतनीकरण करणे बंद करतात, कारण वर्षाचे हजार-पंधराशे रुपये वाया जातात असे वाटते. मुदत संपलेले डोमेन कोणालाही विकत घेता येते. ज्या पत्त्याला शासकीय पत्रकांतून, बातम्यांतून वर्षानुवर्षे लिंक मिळालेल्या आहेत, तो पत्ता जुगाराच्या धंद्यातील लोकांना सोन्याचा असतो, आणि मग शाळेच्या जुन्या माहितीपत्रकातील लिंक मुलांना थेट सट्ट्याच्या पानावर नेते. डोमेन आपलेच असतानाही हे घडू शकते. २०२४ मध्ये भारतातील अनेक सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्यांवरून लोक ऑनलाइन सट्टेबाजीच्या पानांवर नेले जात असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. अशा घुसखोरीत लावलेला रीडायरेक्ट बहुधा फक्त सर्च इंजिनमधून आलेल्या माणसालाच वळवतो. पत्ता थेट लिहून उघडणाऱ्या अधिकाऱ्याला संकेतस्थळ अगदी व्यवस्थित दिसते, आणि तक्रार करणाऱ्यालाच खोटे ठरवले जाते. म्हणून आपले संकेतस्थळ अधूनमधून गूगलवर शोधून, निकालावर बोट ठेवून, मोबाइलवरून उघडून पाहण्याची सवय प्रत्येक संस्थेने लावून घ्यावी.

हा विषय केवळ तांत्रिक नाही, कायद्याचाही आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवावेत आणि माहिती कोणी न मागताही, इंटरनेटसह विविध माध्यमांतून, लोकांना सहज मिळेल अशी प्रसिद्ध करावी, अशी अपेक्षा आहे. प्रसिद्ध केलेल्या माहितीचा पत्ता एका रात्रीत निकामी करणे हे त्या कलमाच्या हेतूशी कसे जुळते, हे मला समजत नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी पत्ते बदलू नयेत असे १९९८ मध्येच आग्रहाने मांडले होते. आपल्याला ते बदलावेच लागत असतील, तर निदान वळण तरी द्यावे. येथे आपल्यालाही एक विनंती करते. वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांची रचना बदलते तेव्हा जुन्या बातम्यांच्या लिंक तुटतात, आणि तालुक्याच्या गावातील एखाद्या धरणाचा, शाळेचा किंवा आंदोलनाचा इंटरनेटवरचा एकमेव पुरावा अनेकदा त्या बातमीतच असतो. आपल्या दैनिकाने याची काळजी घ्यावी.

अधिकाऱ्यांकडे आणि संस्थाचालकांकडे माझे मागणे मर्यादित आहे. संकेतस्थळाच्या निविदेत आणि कार्यारंभ आदेशात जुन्या पत्त्यांची संपूर्ण यादी, त्यापुढे प्रत्येकाचा नवा पत्ता, असा तक्ता देण्याची अट असावी. अंतिम देयक अदा करण्यापूर्वी त्या तक्त्यातील पत्ते कार्यालयातील संगणकावर नव्हे, तर मोबाइलवर, साध्या डेटावर उघडून पाहावेत. हे रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवावेत असे गूगल सांगते. आपल्याकडे छापील पत्रके आणि क्यूआर कोड त्याहून कितीतरी अधिक काळ भिंतींवर राहतात, म्हणून ते काढूच नयेत आणि जुन्या डोमेनचे नूतनीकरण दरवर्षी न चुकता करावे. डोमेनच बदलत असेल तर सर्च कन्सोल या संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या सुविधेत पत्ता बदलल्याची नोंद करण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

जुन्या पत्त्यांची यादी सर्च कन्सोलमधून आणि सर्व्हरच्या नोंदींतून मिळते, राहिलेले पत्ते जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर शोधता येतात. परंतु सर्व्हरच्या नोंदी जुना सर्व्हर बंद होताच नाहीशा होतात. आपल्याकडे बहुतेक संस्थांचे होस्टिंगचे, म्हणजे सर्व्हरवरील जागेचे, करार मार्चअखेर संपतात, तेव्हा ज्यांची नवी संकेतस्थळे तयार होत आहेत त्यांनी ही यादी त्याआधीच काढून घ्यावी.

आपली विश्वासू,
एक वाचक,
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ